आयरिश शिकताय? मग ‘किर’ हे क्रियापद आधी पक्कं करा

आयरिश भाषेत अनियमित क्रियापदं अकराच आहेत. नवशिक्याकडून ती अकरा आधी पाठ करून घेतात, आणि त्यात गैर काही नाही. पण त्या यादीत नसलेलं, नियमाने चालणारं एक क्रियापद बोलण्यात पावलोपावली भेटतं आणि तरी त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. ते म्हणजे ‘किर’. रोमन लिपीत त्याचं स्पेलिंग सी-यू-आय-आर. शब्दकोशात पाहिलंत तर ठेवणे, घालणे, पाठवणे, पेरणे, पुरणे असे अर्थ ओळीने दिसतील. पाऊस पडतो तेव्हा ‘किर’, प्रश्न विचारायचा तर ‘किर’, कुणाला राग आणायचा तरीही ‘किर’.

डब्लिन, कॉर्क, गॉलवे इथे राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं शाळेत आयरिश शिकतात आणि आईबाबांना गृहपाठात मदत करता येत नाही. हा लेख मुख्यतः अशा आईबाबांसाठी आहे, पण नुसत्या कुतूहलाने शिकणाऱ्यालाही चालेल. १९३७ च्या संविधानाप्रमाणे आयरिश ही आयर्लंडची पहिली अधिकृत भाषा आहे. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला ती येते असं सांगितलं. शाळा-कॉलेज सोडून रोज बोलणारे मात्र ७२ हजारांच्या आसपासच निघाले. म्हणजे शाळेत शिकलेली भाषा तोंडात रुळत नाही ही अडचण तिथल्या लोकांचीही आहे. मला वाटतं, शब्द सुटे पाठ करण्याची सवय हे त्यामागचं एक कारण असावं.

म्हणून ‘किर’चे अर्थ पाठ करू नका, जोड्या पाठ करा. आपल्या ‘लावणे’कडे बघा. रोप लावतो, फोन लावतो, दिवा लावतो, जीव लावतो, वेड लावतो. मराठी मूल ‘लावणे’चे पंधरा अर्थ कधी घोकत नाही, ‘फोन लाव’ हे अख्खंच्या अख्खं उचलतं. ‘किर’ही तसंच उचलायचं. फरक एकच: आयरिशमध्ये जोडीला नामाबरोबर एक शब्दयोगी अव्ययही असतं आणि अर्धा अर्थ तेच वाहून नेतं.

पहिली पायरी: तोंडाला वळण

इथे सगळे आयरिश शब्द देवनागरीत दिले आहेत, बहुतेक पश्चिमेकडच्या कॉनाख्त भागातल्या उच्चाराला धरून. देवनागरीत सगळं बसत नाही, तरी इंग्रजी वळणाच्या उच्चारापेक्षा आपण जवळ पोचतो. आयरिशमधला जाड ‘त’ आणि ‘द’ दातांना जीभ लावूनच म्हणतात, आपल्यासारखा. तिथे ट-ड म्हणायची सवय लावून घेऊ नका.

आयरिशमधलं जवळजवळ प्रत्येक व्यंजन दोन प्रकारचं असतं, जाड आणि बारीक. बारीक व्यंजन म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो, जणू पुढे अर्धा ‘य’ येणार आहे. ‘किर’मधला ‘र’ बारीक आहे. ‘कुर’ या रूपातला ‘र’ जाड, आपल्या नेहमीच्या ‘र’च्या जवळचा. लिहिताना बारीक व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना आय किंवा ई हे स्वर लागतात आणि जाड व्यंजनाला ए, ओ, यू. ‘बारकाला बारीक, जाडाला जाड’ हा नियम मुलांना शाळेत शिकवतातच. ‘किर’च्या काळांच्या प्रत्ययांत पहिला स्वर कायम आय किंवा ई का असतो, याचं उत्तर त्यातच आहे.

दुसरा ध्वनी ‘ख़’. हा मराठीतला ‘ख’ नव्हे. उर्दूत ‘ख़त’ म्हणताना घसा घासतो, तो. भूतकाळ या एका ध्वनीवर उभा आहे, म्हणून आठवडाभर तेवढाच घोटलात तरी वेळ वाया जाणार नाही.

दुसरी पायरी: वाक्यात क्रियापद आधी

मराठीत क्रियापद शेवटी येतं, आयरिशमध्ये सर्वात आधी. मग कर्ता, मग कर्म.

‘ख़िर शॉन अन लितिर सा वॉस्का’: शॉनने पत्र पेटीत टाकलं. क्रमाने घेतलं तर ‘टाकलं, शॉन, ते पत्र, पेटीत’.

एक दिलासा असा की क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. टाकला-टाकली-टाकलं ही भानगड नाही. वर्तमानात ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांची रूपं तेवढी प्रत्ययात मिसळतात: ‘किरम’ म्हणजे मी घालतो किंवा घालते, ‘किरमिज’ म्हणजे आम्ही घालतो. बाकी सगळ्यांना ‘किरन’: ‘किरन तू’, ‘किरन शे’ (तो), ‘किरन शी’ (ती), ‘किरन शिव’ (तुम्ही), ‘किरन शीअद’ (ते). पश्चिमेला ‘किरमिज’ऐवजी ‘किरन मिज’ ऐकू येईल, तेही बरोबरच.

तिसरी पायरी: काळ

भूतकाळ करायला शेवटी काही जोडत नाहीत. सुरुवातीचा ‘क’ मऊ होऊन ‘ख़’ होतो, बस. ‘किर’ म्हणजे ‘घाल’ ही आज्ञा. ‘ख़िर मे’ म्हणजे मी घातलं. लिहिताना सी या अक्षरानंतर एच येतो. ‘आम्ही’साठी मात्र ‘ख़िरमर’.

भविष्यकाळ ‘किरहे मे’. इथे स्पेलिंगमध्ये एफ दिसतो आणि मुलं हमखास ‘किरफी’ वाचतात. बोलताना तिथे नुसता ‘ह’ असतो. ‘किरहे मे रीवफ़ॉस्त ख़ुगत’: मी तुला ईमेल पाठवीन. रोज वापरता येणारं वाक्य आहे, तोंडपाठ करा.

संकेतार्थ, म्हणजे ‘मी घातलं असतं’ अशा अर्थाचं रूप, ‘ख़िरहिन’. त्यातलं ‘तू’चं रूप नम्र विनंतीसाठी फार उपयोगी पडतं: ‘अन गिरफ़ा ग्ले ऑरम?’ म्हणजे ‘मला फोन करशील का?’ या रूपात बरेच बोलणारे एफचा उच्चार ‘फ़’ असाच ठेवतात. पूर्वीची सवय सांगणारं रूपही आहे (‘ख़िरिन’, मी घालत असे). ते पहिल्या सहा महिन्यांत बाजूला ठेवलंत तरी काही अडत नाही.

चौथी पायरी: नकार आणि प्रश्न

नकाराला ‘नी’ लावा, मग ‘क’ मऊ होतो: ‘नी ख़िरन शे’, तो घालत नाही. प्रश्नाला ‘अन’ लावा, मग ‘क’चा ‘ग’ होतो: ‘अन गिरन शे?’, तो घालतो का? लिहिताना सी हे अक्षर जागेवर राहतं आणि त्याच्या आधी जी येऊन बसतो. उच्चार फक्त जीचा करायचा. भूतकाळात मात्र नकाराला ‘नीर’, प्रश्नाला ‘अर’, आणि दोन्हींनंतर ‘ख़’च.

‘हो’ आणि ‘नाही’ यांना आयरिशमध्ये स्वतंत्र शब्द नाहीत. क्रियापदच परत म्हणायचं. ‘अर ख़िर तू अन लितिर?’ (पत्र पाठवलंस का?) याला उत्तर ‘ख़िर’ किंवा ‘नीर ख़िर’. आपणही ‘पाठवलंस का?’ला ‘पाठवलं’ म्हणून मोकळे होतोच, त्यामुळे मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, आठवण करून दिली की पुरतं.

पाचवी पायरी: कर्ता न सांगता

आयरिशमध्ये ‘कोणीतरी केलं, कोणी ते महत्त्वाचं नाही’ असं सांगणारं वेगळं रूप आहे. वर्तमानात ‘किर्त्यर’, भूतकाळात ‘किरू’.

‘किर्त्यर प्राती सन अॅराख़’: वसंतात बटाटे लावतात. आयर्लंडमध्ये लवकरच्या बटाट्यांची लागवड सेंट पॅट्रिकच्या दिवसाशी, म्हणजे १७ मार्चशी जोडलेली आहे, आणि ‘अग कुर प्राती’ (बटाटे लावणं चाललंय) हे खास शेतावरचं बोलणं. रोप लावायलाही ‘किर’ आणि फोन लावायलाही ‘किर’, हे मला फार आवडतं.

‘किरू अन एतिल्त एर क्याल’: विमानाची फेरी रद्द केली. ‘एर क्याल’बरोबर ‘किर’ म्हणजे रद्द करणे. सभा, सामना, वर्ग, सगळ्याला चालतं.

‘किरू इन्ये ए’: त्याला काल माती दिली. या तीन शब्दांवर जरा थांबा. मराठीतही ‘माती दिली’ म्हणताना कोणी दिली हे सांगत नाही. इथे ‘तो’साठी ‘शे’ न येता ‘ए’ आला आहे, कारण तो कर्ता नाही, कर्म आहे. शिवाय असं छोटं सर्वनाम आयरिशला वाक्याच्या टोकाला आवडतं, म्हणून ‘काल’ आधी आणि ‘त्याला’ नंतर. या रूपाला इंग्रजीसारखा कर्मणी प्रयोग समजून ‘किरू शे’ म्हटलं की वाक्य मोडतं.

भूतकाळातलं हे रूप मऊ होत नाही, ‘क’ तसाच राहतो. ‘ख़’ केलात तर लिहिताना दुसरंच रूप होईल, ‘तो घालत असे’ या अर्थाचं. आणि ‘किरू’च्याच स्पेलिंगचं ‘किरे’ हे एक नामही आहे, त्याचा अर्थ आमंत्रण. ‘फ़ूअर मे किरे’: मला आमंत्रण मिळालं. कुठलं कोणतं हे वाक्यातल्या जागेवरून कळतं; क्रियापद असेल तर ते सुरुवातीला असणार.

सहावी पायरी: ‘कुर’ आणि ‘कुरहा’

‘घालणं’ या अर्थाचं क्रियावाचक नाम ‘कुर’. त्याच्या आधी ‘अग’ लावलं की चालू काळ होतो. ‘ता शे अग कुर बाश्ती’: पाऊस पडतोय. पावसाचा मूळ शब्द ‘बाश्त्याख़’; ‘कुर’च्या मागे आल्यावर तो षष्ठीत जाऊन ‘बाश्ती’ झाला. आपणही ‘पावसाचं पडणं’ म्हणतो, तीच षष्ठी. बर्फ पडत असेल तर ‘अग कुर श्न्याख़्ता’, घाम येत असेल तर ‘अग कुर अलश’. ‘ता मो वेर अग कुर फ़ोला’: माझ्या बोटातून रक्त येतंय. रक्त म्हणजे ‘फ़िल’, षष्ठीत ‘फ़ोला’. हे वाक्य पोराच्या शाळेतून घरी येण्याची शक्यता बरीच आहे.

‘करायला’, ‘विचारायला’ असं म्हणायचं असलं की कर्म आधी येतं आणि मागून ‘अ ख़ुर’. ‘बा वाह ल्यम केश्त अ ख़ुर ऑर्त’: मला तुला एक प्रश्न विचारायचाय. आधी प्रश्न, मग विचारणं. इथे आयरिशचा क्रम मराठीशी जुळतो आणि आपल्याला घरी आल्यासारखं वाटतं.

‘कुरहा’ म्हणजे घातलेलं, पाठवलेलं, लावलेलं, पुरलेलं. ‘ता अन लितिर कुरहा अगम’: माझं पत्र पाठवून झालंय. ‘अगम’ म्हणजे माझ्यापाशी. आयरिशमध्ये ‘असणे’ आणि ‘माझ्यापाशी’ मिळून मालकीही सांगतात आणि काम उरकल्याचंही.

‘कुर’ असलेली एक म्हण सगळ्या आयर्लंडला ठाऊक आहे: ‘नी न्यार्त गो कुर ले ह्येल्ये’. ‘कुर ले ह्येल्ये’ म्हणजे एकमेकांना हातभार लावणं, आणि त्याशिवाय बळ नाही. आपल्या ‘एकी हेच बळ’ची सख्खी बहीण.

सातवी पायरी: ‘एर’ आणि मनाचे भाव

ही पायरी सर्वात महत्त्वाची. ‘एर’ म्हणजे ‘वर’. ते सर्वनामात मिसळून जातं: ऑरम (माझ्यावर), ऑर्त (तुझ्यावर), एर (त्याच्यावर), इरही (तिच्यावर), ऑरिन (आमच्यावर), ऑरिव (तुमच्यावर), ऑरहू (त्यांच्यावर). हे सात शब्द उजळणीसारखे पाठ करा. इथे घोकंपट्टीला पर्याय नाही.

कपडे घालताना हे सरळच आहे: ‘किर ऑर्त द ख़ोता’, तुझा कोट घाल, शब्दशः ‘तुझ्यावर घाल’. प्रश्नही माणसा‘वर’ घालतात: ‘किरम केश्त ऑर्त’. फोनही: ‘किर ग्ले ऑरम’, मला फोन लाव.

भावनांचं मात्र नीट समजून घ्या. आयरिशमध्ये राग, आनंद, दुःख, लाज, भूक, तहान ही माणसाच्या अंगावर असतात. ‘ता फ्यारग ऑरम’ म्हणजे शब्दशः ‘माझ्यावर राग आहे’. मराठीत असं म्हटलं तर दुसरं कोणीतरी माझ्यावर रागावलंय असा अर्थ होतो. आयरिशमध्ये उलट: राग मलाच आलाय. ज्याचा राग आला त्याला ‘ले’ लागतं: ‘ता फ्यारग ऑरम ल्यत’, मला तुझा राग आलाय. तेव्हा भावनेच्या वाक्यात ‘ऑरम’ दिसलं की मनात ‘माझ्यावर’ न म्हणता ‘मला’ म्हणा. आपण ‘मला राग, मला आनंद, मला भूक’ म्हणतोच. ‘ला’च्या जागी ‘वर’ आलं, एवढंच.

आता तीन वाक्यं ओळीत ठेवा. ‘ता फ्यारग ऑरम’: मला राग आलेला आहे. ‘हानिग फ्यारग ऑरम’: मला राग आला. ‘ख़िर शे फ्यारग ऑरम’: त्याने मला राग आणला. आहे, आला, आणला. मराठीची पायऱ्यांची मांडणी अगदी हीच आहे, म्हणून एकदा हे जमलं की ‘फ्यारग’च्या जागी कुठलीही भावना बसवता येते. आनंदाला ‘आहस’, दुःखाला ‘ब्रोन’, भीतीला ‘आगला’, नवलाला ‘इनतस’. ‘ख़िर अन श्केल ब्रोन ऑरम’: ती गोष्ट ऐकून मला वाईट वाटलं. ‘किरन शे आहस ऑरम’: याने मला आनंद होतो. रोज एक भावना घ्या आणि तिची ही तीन वाक्यं मोठ्याने म्हणा.

‘एर’सोबतची आणखी एक जोडी गोड आहे. ‘अहन्ये’ म्हणजे ओळख. ‘ता अहन्ये अगम इरही’: माझी तिच्याशी ओळख आहे. ‘ख़िर मे अहन्ये इरही’: माझी तिच्याशी ओळख झाली, म्हणजे मी ती करून घेतली.

आठवी पायरी: आत, बाहेर, खाली, वर

‘इश्त्याख़’ (आत), ‘अमाख़’ (बाहेर), ‘शीस’ (खाली), ‘सूअस’ (वर) हे शब्द जोडले की अर्थ पार बदलतात.

‘किर इश्त्याख़ एर’ म्हणजे माणसाला व्यत्यय आणणे, पण नोकरीसाठी अर्ज करणेही. ‘ना किर इश्त्याख़ ऑरम’: माझ्या कामात व्यत्यय आणू नकोस. ‘ख़िर मे इश्त्याख़ एर फ़ॉस्त’: मी नोकरीला अर्ज केला. ‘एर’च्या पुढे माणूस आहे की नोकरी, एवढं पाहा.

‘ख़िर शे अमाख़’ म्हणजे बहुधा त्याला उलटी झाली. पण ‘ता कुर अमाख़ अगम एर’ म्हणजे मला त्या विषयाची माहिती आहे. दोन्ही नीट लक्षात ठेवा, कारण दुसरं वाक्य मुलाखतीत वापरण्यासारखं आहे.

‘किर शीस एर’ म्हणजे वर्णन करणे. लीव्हिंग सर्टिफिकेटच्या, म्हणजे शाळा संपतानाच्या परीक्षेच्या, आयरिशमध्ये ४० टक्के गुण तोंडी परीक्षेला असतात आणि तिथे चित्रमालिकेवर बोलायचं असतं, म्हणून दहावीनंतरच्या वयाच्या मुलांना ही जोडी फार लागते. पण ‘एर’ काढा आणि ‘किर शीस अन कित्यल’ म्हणा: चहाचं आधण ठेव.

‘नी ख़िरहे मे सूअस लेश’: हे मी सहन करणार नाही.

‘अस’ आणि ‘दो’ घेऊन येणारी जोडी आजारपणात आणि मैत्रीत उपयोगी पडते. ‘काद अता अग कुर अस दित?’: तुला काय होतंय? काय सलतंय? डॉक्टरही विचारतात, मैत्रीणही.

आणि परदेशात घर केलेल्यांनी हे शिकावंच: ‘ख़िर शीअद फ़ूहू इ ङाल्यिव’. शब्दशः त्यांनी स्वतःखाली घातलं. अर्थ, ते गॉलवेत स्थायिक झाले. गॉलवेचं आयरिश नाव ‘गाल्यिव’, ‘इ’मुळे त्याचा ‘ग’ नाकात जातो आणि आपल्या वर्णमालेतला ‘ङ’ चक्क शब्दाच्या सुरुवातीला ऐकू येतो.

नववी पायरी: वही आणि कान

वहीच्या प्रत्येक पानावर एकच जोडी लिहा: वर ‘किर’, नाम आणि अव्यय, खाली आज्ञा, ‘ख़िर मे’, ‘किरहे मे’ आणि ‘अग कुर’ अशी चार वाक्यं. मराठी अर्थ अख्ख्या वाक्याचा लिहा, सुट्या शब्दाचा नको. ‘किर’समोर ‘ठेवणे’ असं लिहिलेलं पान फाडून टाका. ते पुढे अडवतं.

उच्चारासाठी ‘त्यांगलन’ नावाचं फुकट संकेतस्थळ आहे. तिथे मन्स्टर, कॉनाख्त आणि अल्स्टर या तिन्ही भागांतल्या माणसांच्या आवाजात शब्द ऐकता येतात, आणि ओ डोनल यांनी संपादित केलेला १९७७ चा आयरिश-इंग्रजी शब्दकोशही सापडतो. ‘किर’ची नोंद लांबलचक आहे, घाबरू नका, ती क्रमाने वाचायची नसते, हवी ती जोडी शोधायची असते. तीन भागांपैकी एक निवडा, शक्यतो मुलांच्या शिक्षकांचा, आणि वर्षभर त्यालाच धरून राहा.

कोट अंगातून काढायला मात्र ‘किर’ चालत नाही. तिथे ‘बन’ लागतं: ‘बन ज्यीत द ख़ोता’. हे ‘किर’चं उलट क्रियापद, तितकंच कामसू आणि तितकंच जोड्यांनी चालणारं. ‘किर’च्या वीसेक जोड्या तोंडात बसल्या की त्याच वहीत पुढचं पान ‘बन’चं सुरू करा.